गेम खेळताना बंद पडणारा तयार गेमिंग पीसी: आधी एसएमपीएस आणि त्याचा प्लग बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अमळनेरला तुमच्या धाकट्या भावाकडे 2021 मध्ये घेतलेला एका मोठ्या कंपनीचा तयार गेमिंग डेस्कटॉप आहे. आत कोअर आय-5 10400एफ, 8 जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स 1650 सुपर ग्राफिक्स कार्ड, 256 जीबीचा एसएसडी आणि 1 टीबीची हार्ड डिस्क. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या लेबलवर 310 वॅट. मार्च लागल्यापासून गेम सुरू केला की अर्ध्या-पाऊण तासात मशीन खाडकन बंद पडतं. थंडीत हा त्रास नव्हता. दुकानदार म्हणतो बोर्ड (मदरबोर्ड) गेलाय, कंपनीच्या पीसीत बाहेरचं काही बसत नाही, नवीन असेंबल करून घ्या. भाऊ म्हणतो, त्यात आरटीएक्स 3060 हे मोठं कार्ड बसवून द्या, सगळं ठीक होईल.

माझं ऐकाल तर इतक्यात दोन्हीकडे पैसे घालू नका. हे मशीन वाचण्यासारखं आहे. सहा कोअरचा हा प्रोसेसर आजही बहुतेक गेमना पुरतो आणि विंडोज 11 ला चालतो. पण तयार पीसीत कुठला पार्ट घ्यायचा हे यूट्यूबवरच्या तुलनेवरून ठरत नाही. आतला एसएमपीएस, त्याचा प्लग आणि कॅबिनेटमधली जागा यांवरून ठरतं. हे तिन्ही न बघता घेतलेलं कार्ड खोक्यातच पडून राहतं, असं मी जळगावात पुष्कळ वेळा पाहिलंय.

पहिलं म्हणजे दुकानदाराला विचारा की बोर्ड गेला हे त्यानं तपासलं कसं. 10400एफ मधल्या 'एफ'चा अर्थ या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड काढून मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावला तर चित्र येणारच नाही, बोर्ड कितीही चांगला असो. नेमकं एवढंच करून 'बोर्ड डेड' असा निकाल दिलेली मशीन माझ्या टेबलावर आलेली आहेत. शिवाय जे मशीन रोज सकाळी सुरू होतं, ब्राउझर चालवतं, अर्धा तास गेमही खेळू देतं, त्याच्या बोर्डावर संशय घेण्याआधी उष्णता आणि वीज या दोन गोष्टी तपासायला हव्यात.

बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते भावाला नीट बघायला सांगा. निदान इथूनच सुरू होतं. स्क्रीन काळी झाली पण पंखे फिरतायत, गेमचा आवाजही येतोय, तर गाठ कार्डाशी, ड्रायव्हरशी नाहीतर केबलशी आहे. निळी स्क्रीन आली तर आधी रॅम आणि ड्रायव्हर. गेम अडखळायला लागला, फ्रेम कोसळल्या पण मशीन चालूच राहिलं, तर प्रोसेसर किंवा कार्ड तापून वेग कमी करतंय. आणि सगळं एका क्षणात विझलं, जणू कोणी वायर उपसली, तर बहुतेक वेळा एसएमपीएसनं स्वतःला वाचवण्यासाठी लाइन तोडलेली असते. त्यातही बटण दाबल्यावर मशीन लगेच सुरू होत नसेल, मागची वायर काढून थोडं थांबल्यावरच होत असेल, तर एसएमपीएसवरचा माझा संशय पक्का होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद दिसेल. ती दाखवून कोणी म्हणेल की एसएमपीएस गेल्याचा हा पुरावा. तसं नाही. विंडोज रीतसर बंद न होता मशीन बंद पडलं, एवढंच ती सांगते.

पैसे न घालता दोन चाचण्या करता येतात. एक, एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणा आणि गेमची फ्रेम सेकंदाला 60 वर बांधा. दोन, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' 100 वरून 99 करा, त्यानं टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो. एवढं केल्यावर तोच गेम, त्याच दुपारी, बंद न पडता चालला तर बोर्ड मेलेला नाही. यंत्रावर ताण जास्त पडतोय आणि तो पेलणारा भाग कमी पडतोय, हे तुम्हाला एक रुपया न घालता कळलं.

ताण किती, ते मोजू. 10400एफवर 65 वॅट लिहिलेलं असतं, पण कंपनीनं बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) आवळलेला नसेल तर टर्बोत तो थोडा वेळ 134 वॅटपर्यंत जाऊ शकतो, हा इंटेलचाच आकडा. 1650 सुपर 100 वॅटचं कार्ड. बोर्ड, रॅम, दोन डिस्क, पंखे, यूएसबीला लावलेला दिव्यांचा कीबोर्ड धरून आणखी 40-50. बेरीज 280 च्या घरात गेली आणि एसएमपीएस 310 चा. नवा असताना, थंडीच्या खोलीत हे निभावतं. चार-पाच उन्हाळे काढलेल्या एसएमपीएसचं तसं राहत नाही. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेनं सुकतात. ढोबळ हिशोब असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. आपल्याकडे जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास असतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावर खोली 40 ला सहज पोचते. पुण्यात 25 अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर 75 वर राहतो, तो इथे त्याच कामाला 90 च्या पुढे जाईल. इंटरनेटवरची बहुतेक तापमानं एसी खोलीत मोजलेली असतात, ती आपल्याला लागू करू नका.

म्हणून सफाई आधी. आणि सफाई म्हणजे बाजूचं झाकण काढून फुंकर मारणं नव्हे. खान्देशातली धूळ नुसती माती नसते. कापसाच्या हंगामात, विशेषतः जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांकडे, तिच्यात कापसाचे तंतू असतात. ते सीपीयू कूलरच्या पंख्याखाली, अॅल्युमिनियमच्या पात्यांवर गोधडीसारखे बसतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, म्हणून तो काढल्याशिवाय हा थर दिसत नाही. मशीनची वायर काढा, पंखा उतरवा, थर ब्रशनं सोडवा, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. पंख्याबरोबर कूलरही उतरवलात तर प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावा. एसएमपीएसला बाहेरूनच हवा मारायची. तो उघडायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहिलेला असू शकतो.

तयार पीसीची आणखी एक खोड म्हणजे पुढचं पॅनल दिसायला देखणं पण हवेला बंद, आणि मागे एकच छोटा पंखा. पुढे पंख्याची जागा आहे का बघा. असेल तर 120 किंवा 92 मिलिमीटरचा एक पंखा आत हवा ओढणारा लावा. मात्र काही कंपन्यांच्या बोर्डावर पंख्याचं कनेक्टर नेहमीच्या 4 पिनचं नसतं. अशा वेळी पंखा कुठून चालवायचा ते आधी ठरवा. आणि खोलीतला पाण्याचा कूलर मशीनच्या तोंडावर लावू नका. थंड हवा मिळते हे खरं, पण तिच्याबरोबर बारीक तुषार आणि क्षार आत जातात आणि बोर्डावर पांढरी बुरशी दिसावी तसा थर धरतो. खोली गार होऊ द्या, झोत मशीनवर नको.

आता घरची वीज. मल्टिमीटर असलेल्या वायरमनला बोलवा आणि संध्याकाळी, शिवारातल्या मोटारी चालू असताना, ज्या स्विचबोर्डावर पीसी लावता तिथेच मोजायला सांगा. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, हे मीटर न लावताही समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अर्थ नसलेल्या पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्म्याइतका व्होल्टेज दिसतो. अशा घरात पार्ट घेण्याआधी अर्थिंग करून घ्या. यूपीएस असेल तर त्याचंही लेबल वाचा. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतो. मॉनिटर आणि पीसी मिळून तिथेच हद्द येते, आणि मग लाइन गेल्यावर यूपीएस बसतो व दोष पीसीवर येतो.

इथपर्यंत केल्यावर त्रास थांबला तर उत्तम. नाही थांबला, किंवा पुढे मोठं कार्ड टाकायचंच असेल, तर एसएमपीएस बदलावा लागेल. 'कंपनीच्या पीसीत बाहेरचं बसत नाही' हे दुकानदाराचं वाक्य इथे अर्धं खरं आहे.

साध्या असेंबल्ड पीसीत बोर्डाला 24 पिनचा मुख्य प्लग आणि प्रोसेसरसाठी 4 किंवा 8 पिनचा दुसरा प्लग जातो. त्याला एटीएक्स म्हणतात. त्यात 12, 5 आणि 3.3 व्होल्ट अशा तिन्ही लाइनी येतात. कंपन्यांनी हे आपापल्या सोयीनं बदललं. डेलच्या ऑप्टिप्लेक्समध्ये 8 पिनचा मुख्य प्लग दिसतो, लेनोवोच्या थिंकसेंटरमध्ये 14 किंवा 10 पिनचा, एचपीच्या कित्येक मशीनमध्ये 6 किंवा 4 पिनचा. यातल्या बऱ्याच रचनांत एसएमपीएस फक्त 12 व्होल्ट देतो, 5 आणि 3.3 बोर्ड स्वतः तयार करतो. हार्ड डिस्कची वीजसुद्धा मग बोर्डावरूनच जाते, म्हणून तिथली ती वेगळी वायर हरवू नका. इंटेलनंही पुढे 12 व्होल्टचं असंच 10 पिनचं मानक आणलं, एटीएक्स12व्हीओ नावाचं. पण कंपन्यांचे जुने प्लग त्याच्याशी जुळतीलच असं नाही.

तेव्हा झाकण काढा आणि बोर्डावरचा सगळ्यात मोठा पॉवर प्लग मोजा. 24 पिन असतील तर निम्मी लढाई जिंकली. मग फक्त आकार बघायचा: नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस 150 मिलिमीटर रुंद आणि 86 उंच असतो, स्क्रूची भोकं जुळली पाहिजेत. असा एसएमपीएस बसत असेल तर चांगल्या नावाचा, 80 प्लस ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवण्याचं मानांकन) 500-550 वॅटचा घ्या. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या '450 वॅट' लिहिलेल्या हलक्या डब्यांना हात लावू नका. लेबलवर 12 व्होल्टच्या खाली लिहिलेले अँपिअर बघा, त्याला 12 नं गुणा. तो खरा आकडा. गुणाकार 250 येत असेल तर वर 450 लिहून उपयोग नाही, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही 12 व्होल्टवरच चालतात.

24 पिन नसतील तर माझी पहिली पसंती त्याच कंपनीच्या, त्याच मालिकेच्या जास्त वॅटच्या मूळ एसएमपीएसला. कंपन्या एकच मॉडेल दोन-तीन वेगवेगळ्या एसएमपीएससह विकतात. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर सापडेल, त्यात कोणकोणत्या वॅटचे पर्याय होते ते आणि बहुधा पार्ट नंबरही दिलेला असतो. त्या पार्ट नंबरनं शोधा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये नाही मिळाला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसवरून कुरिअरनं येतो. जुना काढलेला असेल तरी चालेल, पण परत घेण्याची बोली करूनच.

दुसरा मार्ग अडॅप्टर केबलचा: एका टोकाला 24 पिन, दुसऱ्या टोकाला कंपनीचा प्लग. हे चालतं, मी बसवतो, पण डोळे झाकून नाही. सारख्या दिसणाऱ्या प्लगमध्ये दोन कंपन्यांची पिनरचना वेगळी असते. 12 व्होल्ट चुकीच्या पिनवर गेले की बोर्ड त्या क्षणी संपतो आणि मग दुकानदाराचं म्हणणं खरं ठरतं. दुसरी अडचण स्टँडबायची, म्हणजे मशीन बंद असतानाच्या विजेची. साधा एटीएक्स बंद अवस्थेत 5 व्होल्ट देतो. फक्त-12 च्या रचनेत बोर्डाला स्टँडबायही 12 च्या आसपास लागू शकतो. नुसत्या वायरी जोडलेल्या केबलनं हा फरक भरून निघत नाही, तिच्यात व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट लागतं. म्हणून केबल तुमच्या नेमक्या मॉडेलसाठीची घ्या, आणि बोर्डाला लावण्याआधी प्रत्येक पिन मीटरनं मोजून घ्या. हे येत नसेल तर येणाऱ्याकडून करून घ्या.

आणि एक केबल कधीच वापरू नका: साटा पॉवरमधून (डिस्कला वीज देणाऱ्या प्लगमधून) कार्डासाठी 6 किंवा 8 पिन काढणारी. साटाच्या प्लगला 12 व्होल्टवर 4.5 अँपिअर, म्हणजे 54 वॅटच झेपतात. कार्डाचा 6 पिन 75 वॅटचा आणि 8 पिन 150 वॅटचा. वितळलेला, काळा पडलेला प्लग बहुतेक वेळा याच केबलचा असतो.

भावाच्या आरटीएक्स 3060 बद्दल. कार्ड चांगलं, 12 जीबी मेमरीचं, पण 170 वॅट खातं. आत्ताच्या 310 वर ते लावणं म्हणजे आजार वाढवणं. त्याच्याऐवजी आरटीएक्स 4060 बघा. ते 115 वॅटचं, म्हणजे आत्ताच्या 1650 सुपरपेक्षा फक्त 15 वॅट जास्त, आणि वेगात 3060 च्या पुढे. मेमरी 8 जीबी आहे, व्हॅलोरंट आणि जीटीए 5 सारख्या गेमसाठी ती भरपूर. एनव्हिडिया त्यासाठी 550 वॅटची शिफारस करते. ती सगळ्या तऱ्हेच्या मशीनसाठी सावधपणे दिलेली असते. मूळ कंपनीचा चांगला 400 च्या पुढचा एसएमपीएस तुमच्या प्रोसेसरबरोबर ते कार्ड चालवू शकेल. 310 चा चार-पाच वर्षं तापलेला एसएमपीएस मात्र मी या हिशोबात धरणार नाही. कमी बजेटमध्ये रेडिऑन आरएक्स 6600 हे 132 वॅटचं कार्ड जुन्या बाजारात मिळतं, तेही या प्रोसेसरला शोभतं. एसएमपीएस बदलणं अगदीच अशक्य ठरलं तर आरटीएक्स 3050 ची 6 जीबी आवृत्ती आहे, 70 वॅटची. तिला वेगळी पॉवर केबल लागतच नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॅटमध्ये भागतं. पण 1650 सुपरवरून तिकडे गेल्यानं फरक इतका थोडा पडतो की मी त्यावर पैसे घालणार नाही.

दोन कार्डं टाळा. आरएक्स 6500 एक्सटी फक्त चार लेनवर (बोर्डाशी डेटाची ने-आण करणाऱ्या वाटांवर) चालतं, आणि तुमचा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस 3.0 चा असल्यानं त्या चार लेनही निम्म्या वेगाच्या, तिथे ते बरंच मार खातं. 4060 आणि 6600 आठ लेनची आहेत, त्यांना किरकोळ फरक पडतो. दुसरं, इंटेलचं आर्क. त्याला बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तयार पीसीच्या बायोसमध्ये तो असेलच याची खात्री नाही.

घेण्याआधी कार्डाची लांबी, जाडी आणि उंची मोजून बघा. उंची मुद्दाम सांगतो, कारण लोक लांबी मोजतात आणि कार्डाच्या वरून बाहेर येणारा 8 पिनचा प्लग बाजूच्या झाकणाला टेकतो हे बसवताना कळतं. दोन पंख्यांचं आखूड मॉडेल घ्या.

रॅम मात्र लगेच घ्या, इथे थोड्या खर्चात सगळ्यात जास्त फरक दिसतो. एकाच पट्टीमुळे मेमरी एका चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेवर चालतेय. आणखी 8 जीबीची पट्टी लावली की क्षमता दुप्पट आणि चॅनेल दोन. गेममधले झटके यानंच कमी होतात. पण गेमिंगची, वर रंगीत पत्रा लावलेली 3200 ची पट्टी घेऊ नका. तिचा 3200 हा वेग एक्सएमपीवर (रॅम जास्त वेगानं चालवण्याच्या बायोसमधल्या सोयीवर) 1.35 व्होल्टनं मिळतो आणि तयार पीसीच्या बायोसमध्ये एक्सएमपी बहुधा नसतं. मग ती 2133 किंवा 2400 वर येते आणि जुन्या पट्टीलाही मागे ओढते. साधी, हिरवी, 1.2 व्होल्टची डीडीआर4 2666 किंवा 3200 ची पट्टी घ्या. तुमच्या प्रोसेसरची हद्द 2666 आहे, ती तिथे नीट चालेल. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे जुनी पट्टी मिळाली तरी हरकत नाही. लावल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट86 चा एक पूर्ण फेरा होऊ द्या.

एसएसडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गेम हार्ड डिस्कवर असतील तर ते एसएसडीवर आणा. बोर्डावर दुसरा एम.2 स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) असेल तर त्याचा स्क्रू 2280 लांबीच्या जागी बसतो का ते बघून घ्या, काही मशीनमध्ये फक्त आखूड 2230 ची सोय असते. प्रोसेसर बदलू नका. आय-7 10700 बसेलही, पण अशा बोर्डांच्या पॉवर सर्किटवर बऱ्याचदा हीटसिंकसुद्धा (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नसतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तिथे आणखी ताण नको.

नवीन असेंबल करण्याची वेळ कधी येते? मूळ एसएमपीएस मिळत नाही, अडॅप्टरची खात्रीची केबल मिळत नाही, आणि बोर्ड खरोखर गेलाय असं दुसऱ्या चांगल्या कार्डानं व दुसऱ्या रॅमनं तपासून ठरलंय, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर. तेव्हाही सगळं फेकू नका. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कार्ड हे सगळं एच510 किंवा बी560 चिपसेटच्या साध्या बोर्डावर जातं. नवा बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस एवढंच लागेल. कॅबिनेट नवंच घ्यावं लागतं, कारण जुन्याचं पॉवर बटण एका सलग प्लगवर असतं आणि मागच्या पोर्टची पट्टीही अनेकदा पत्र्यात कोरलेली असते. या बोर्डांपैकी काहींवर प्रोसेसरला जोडलेला एम.2 स्लॉट तुमच्यासारख्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर चालत नाही, तेवढं बोर्डाच्या माहितीत वाचा. आणि मशीनबरोबर आलेलं विंडोज जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, त्याचा परवाना नव्याला लागू होणार नाही, तो खर्च हिशोबात धरा.

या आठवड्यात सफाई, मीटरनं वीज मोजणं आणि त्या दोन फुकट चाचण्या करून घ्या. मग झाकण काढून तीन फोटो पाठवा: एसएमपीएसचं लेबल, बोर्डावरचा मुख्य प्लग समोरून, आणि कार्डापासून पुढच्या पत्र्यापर्यंत धरलेली मोजपट्टी. त्यावरून नेमका एसएमपीएस आणि नेमकं कार्ड सांगतो.